फिक्या होडीवर ऑइलपेंट नको

भाटघर किंवा पानशेतच्या काठावर फायबरची जुनी होडी पालथी घातलेली दिसली, की तिच्याविषयी एकच सल्ला ऐकू येतो : "दोन हात ऑइलपेंट मारा, नव्यासारखी दिसेल." त्याला जोडून दुसरं वाक्य येतं, "नाहीतर भंगारात काढा, फायबरला आयुष्य ते किती!" हे दोन्ही सल्ले इतक्या सहज आणि इतक्या खात्रीने दिले जातात, की ज्याची होडी आहे तोही मान डोलावतो आणि भोरच्या बाजारातून पांढऱ्या एनॅमलचा डबा घेऊन येतो. माझा या दोन्ही सल्ल्यांना विरोध आहे. फिकी पडलेली फायबरची होडी बहुतेक वेळा रंगवायची नसते आणि टाकायचीही नसते. ती घासायची असते. तिची चकाकी कुठे गेलेली नसते. ती वरच्या मेलेल्या थराखाली, तिच्या स्वतःच्या अंगात शाबूत असते.

आधी रंगवणाऱ्यांची बाजू नीट मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. ऑइलपेंट स्वस्त असतो. तो कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ब्रश कुणालाही धरता येतो. सकाळी सुरू केलं की संध्याकाळी होडी पांढरीशुभ्र दिसते. याउलट घासून चकाकी आणायची तर मशीन लागतं, वॉटर पेपर लागतो, कंपाउंड लागतं आणि दोन-तीन दिवस कंबर मोडून काम करावं लागतं. पर्यटकांचा हंगाम थोडक्या महिन्यांचा, होडीवर पोट असलेल्या माणसाला सवड नसते. हे सगळं खरं आहे. पण हा हिशेब पहिल्या वर्षापुरताच केलेला असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा हिशेब मांडला की तो उलटा पडतो.

त्यासाठी होडीच्या अंगावर नेमकं काय असतं ते आधी पाहू. फायबरची होडी साच्यात घडते, आणि तीही बाहेरून आत. साच्याला मेण लावून झालं की सर्वांत आधी रंग मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा एक थर दिला जातो. हा जेलकोट. तो घट्ट होत आला की त्याच्यावर काचेच्या तंतूंची मॅट आणि विणलेलं कापड रेझिनमध्ये भिजवून थरावर थर बसवतात. होडी साच्यातून सुटते तेव्हा पहिल्यांदा दिलेला थर बाहेर येतो आणि साच्याचा गुळगुळीतपणा अंगावर घेऊन येतो. तेव्हा ज्याला आपण होडीचा रंग म्हणतो तो वरून फासलेला रंग नसतो. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा, खालच्या थरांशी एकजीव झालेला, आरपार एकाच रंगाचा रेझिनचा पापुद्रा असतो. भिंतीवरचा किंवा लोखंडी दरवाज्यावरचा ऑइलपेंट याच्या कितीतरी पट पातळ असतो. रंगवणारे हा फरकच लक्षात घेत नाहीत.

मग तो फिका का पडतो? उन्हातल्या अतिनील किरणांनी रेझिनचे अगदी वरचे रेणू तुटतात. रेझिन झिजलं की त्याने धरून ठेवलेले रंगाचे कण सुटे होतात आणि पृष्ठभागावर पांढरट भुकटी धरते. हात फिरवला तर बोटांना लागते, बसणाऱ्याच्या पँटला लागते. लाल होडी गुलाबी होते, निळी राखाडी होते, पांढरी पिवळट पडते. पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे प्रकाश सरळ परत न येता विखुरतो, म्हणून चकाकी जाते. पण हे सगळं मिलिमीटरच्या काही शतांश भागात घडतं. त्याच्या खाली जेलकोट कारखान्यातून आला तसाच उरलेला असतो. होडी म्हातारी झाली असं आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात तिची फक्त साय मेलेली असते.

आपल्या भागात हे इतर ठिकाणांपेक्षा लवकर घडतं आणि त्याला कारण आहे. समुद्रातली होडी भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते, पण पाण्यातच राहते. भाटघरचं तसं नाही. तिथल्या येसाजी कंक जलाशयाची साठवण साडेतेवीस टीएमसीची, पण ते पाणी भोरसाठी अडवलेलं नाही. नीरा नदीतून ते वीरच्या दिशेने जातं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला आणि पिकांना मिळतं. त्यामुळे श्रावणात काठोकाठ भरलेला जलाशय हिवाळा सरताच उतरू लागतो आणि मे महिन्यात वेळवंडी खोऱ्यातली बुडालेली देवळंसुद्धा उघडी पडतात. पाणी आत आत सरकतं आणि होड्या काठावर राहतात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्या भेगाळलेल्या गाळावर महिनोन्‌महिने पडून असतात, अंगावर ना ताडपत्री, ना झावळी. वापर चालू असलेली होडी रोज पाण्यापर्यंत ओढत न्यावी लागते, आणि आपल्या काठावर वाळू नाही, मुरूम आणि काळा दगड आहे. तळाला ओरखडे पडतात, त्या ओरखड्यांत गाळ बसतो. पानशेत-वरसगावलाही पाण्याची पातळी अशीच उतरत जाते. मग ढग आले की महिनोन्‌महिने पाऊस. पश्चिमेकडे, घाटमाथ्याच्या बाजूला तो किती कोसळतो हे भुतोंड्याला किंवा दापसऱ्याला राहणाऱ्याला सांगायला नको. चार महिने शेवाळ, आठ महिने ऊन. अशा होडीचा जेलकोट फिका पडला तर त्यात होडीचा दोष नाही. तिला सावली न देणाऱ्यांचा आहे.

आता या फिक्या अंगावर ऑइलपेंट मारला की काय होतं ते पाहा. पृष्ठभागावर सुटी भुकटी आहे. तिच्याखाली जुन्या मेणाचे, पॉलिशचे अंश आहेत. रंग भुकटीला चिकटतो, होडीला चिकटत नाही. शिवाय लोखंडी ग्रिलसाठी आणि लाकडी खिडकीसाठी केलेलं एनॅमल सतत पाण्याखाली राहण्यासाठी बनवलेलंच नसतं. पाण्यात बुडालेल्या भागावर ते मऊ पडतं, फुगतं, त्याखाली पाणी शिरतं. पहिल्या पावसाळ्यात पाण्याच्या रेषेजवळ फोड येतात. दिवाळीपर्यंत काठावरच्या दगडांनी तळाचे पोपडे उडवलेले असतात. पुढच्या उन्हाळ्यात होडी आधीपेक्षा भिकार दिसते, आणि तोच सल्लागार पुन्हा येतो : "अजून एक हात मारा."

खरं नुकसान इथून पुढे होतं. दुसरा हात मारायचा तर पहिल्याचे पोपडे काढावे लागतात. लोखंडावरचा रंग काढायचं रिमूव्हर होडीला लावलं तर ते जुन्या रंगाबरोबर जेलकोटही मऊ करतं, कारण त्या रसायनाला रंग आणि पॉलिएस्टर यांतला भेद कळत नाही. म्हणून माणूस जाड पेपर घेतो, नाहीतर ग्राइंडरला घासणीची चकती लावतो. रंग कुठे घट्ट बसलाय, कुठे सुटलाय, याचा नेम नसतो. सुटलेल्या जागी चकती थेट जेलकोट खाते. दोन-तीन उन्हाळे असे गेले की ज्या अर्ध्या मिलिमीटरच्या जिवावर होडी वीस-पंचवीस वर्षं सहज काढते, तो ठिकठिकाणी संपतो आणि खालची मॅट उघडी पडते. मॅट उघडी पडली की काचेच्या तंतूंच्या वाटेने पाणी आत झिरपतं. मग तेच सल्लागार म्हणतात, "बघा, फायबरला आयुष्यच नसतं." फायबरचं आयुष्य त्यांच्या ब्रशने आणि त्यामागून आलेल्या ग्राइंडरने संपवलेलं असतं.

समई काळी पडली म्हणून तिला कुणी सोनेरी रंग फासत नाही, चिंच लावून घासतात. होडीच्या बाबतीत एवढंच करा, असं मी म्हणतो आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. "चकाकीचं काय घेऊन बसलात? होडी सुरक्षित आहे का ते बघा. लोकांचे जीव जातात." हे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उजनी असते, आणि असायलाच हवी. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उजनीच्या जलाशयात उलटली आणि सहा जण बुडाले. वाऱ्याचा अंदाज, लाइफ जॅकेट, किती माणसं बसवायची याची शिस्त, या गोष्टी चकाकीच्या कितीतरी वर आहेत. याबद्दल माझा कुणाशी वाद नाही. पण चकाकी आणि सुरक्षितता या एकमेकींच्या वैरिणी आहेत, हे मला अजिबात मान्य नाही.

होडी घासणारा माणूस काय करतो ते पाहा. तो तिच्या अंगाच्या प्रत्येक इंचावरून हात फिरवतो. पांढरी भुकटी निघून गेली की खालचं खरं अंग दिसू लागतं. कुठे दगडावर आपटल्याने एका बिंदूतून चहूकडे फाकलेल्या बारीक रेघा आहेत, कुठे नाळेपाशी केसाएवढी उभी चीर आहे, कुठे तळाला डाळीएवढे फोड आले आहेत आणि ते टोचले तर आतून आंबट वासाचं पाणी येतं, कुठे काठाचा पट्टा आणि अंग यांचा सांधा सुटू लागलाय, हे सगळं त्याच वेळी कळतं. इंजिन जिथे बसतं त्या मागच्या फळीच्या कोपऱ्यांतल्या चिरा तर केवळ घासल्यावरच दिसतात, आणि सगळ्यांत धोक्याच्या चिरा त्याच. जेलकोटची होडी स्वतःच्या जखमा दाखवते. रंगवलेली होडी त्या लपवते. रंग चिरेत शिरतो, ती भरल्यासारखी दिसते, आणि खाली तंतू तुटत राहतात. म्हणून मी उलटा प्रश्न विचारतो : ज्याला खरोखर जिवाची काळजी आहे, तो होडीच्या अंगावर अपारदर्शक आवरण घालायची घाई का करेल? जुनी होडी ताजीतवानी रंगवून काठावर उभी असेल, तर तिच्यात बसण्यापूर्वी मला चार प्रश्न जास्त पडतात.

आता चकाकीच्याच नावाने चालणाऱ्या दुसऱ्या प्रकाराविषयी थोडं. बाटलीतला द्रव फडक्याने पुसला की होडी झळकते, असं सांगून काही लोक तो विकतात. काही जण घरचाच उपाय करतात, डिझेलने किंवा खोबरेल तेलाने होडी पुसतात. ओल्या पृष्ठभागावर प्रकाश सरळ परततो, म्हणून फिकी होडी तेलाने क्षणभर गडद दिसते. ती चकाकी नाही, ओल आहे. दोन उन्हांत ती उडते, धूळ मात्र चिकटून राहते, आणि डिझेलचा तवंग पाण्यावर पसरतो. अॅक्रिलिकचे पारदर्शक थर देऊन आणलेली चमकही अशीच. आपल्या उन्हात ते थर पिवळे पडून सोलू लागतात, आणि मग पुन्हा काढत बसायचं. मेलेला थर जागेवर ठेवून त्यावर काहीही लावलं तरी ते भुकटीवरच बसणार आहे.

घासण्याविरुद्धचा एक आक्षेप मात्र अनुभवातून आलेला आहे. "बफिंग केलं आणि होडी जळली," असं सांगणारे लोक भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. होडी जळते, कारण बफिंगच्या नावाखाली लोखंड कापायचा अँगल ग्राइंडर वापरला जातो. त्याची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. पॉलिशिंगचं मशीन वेगळं असतं, त्याचा वेग कमी-जास्त करता येतो आणि जेलकोटसाठी तो साधारण हजार ते अठराशे फेऱ्यांत ठेवतात. ग्राइंडरवर लोकरीचा बफ लावून एका जागी दाबून धरला तर उष्णतेने रेझिन पिवळं पडणार, कडेला तर आरपार जाणार. दोष पद्धतीचा नाही, हत्याराचा आहे. नांगराने खुरपणी केली आणि पीक गेलं, तर खुरपणी वाईट ठरत नाही.

म्हणून काम कसं व्हायला हवं ते सविस्तर सांगतो. घासण्याला विरोध करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते नीट झालेलं पाहिलेलंच नसतं.

होडी आधी धुवायची, पण पाण्याच्या कडेला नाही. ती गावात, सावलीत आणायची. साबणाच्या पाण्याने गाळ आणि शेवाळ काढायचं. पाण्याच्या रेषेवर जो तपकिरी डाग बसतो तो घासून जात नाही, त्याला ऑक्झॅलिक आम्लाचं सौम्य द्रावण लागतं. ते विषारी आहे, हातमोजे घालून लावायचं, थोड्या वेळात भरपूर पाण्याने धुवायचं. संडास साफ करायचं आम्ल यासाठी वापरू नका. त्याने कड्या, बोल्ट आणि इंजिनाची पकड गंजतात.

मग चिरा आणि खड्डे. ते उघडून, कोरडे करून, त्याच रंगाच्या जेलकोटने भरायचे. इथे एक बारकावा आहे. साच्यातला जेलकोट एका बाजूने साच्याने झाकलेला असतो म्हणून तो घट्ट होतो. उघड्या हवेत लावलेल्या जेलकोटची वरची बाजू प्राणवायूमुळे चिकट राहते. म्हणून दुरुस्तीच्या जेलकोटमध्ये मेणाचं द्रावण मिसळतात, किंवा वरून प्लास्टिकचा कागद ताणून बसवतात. हे माहीत नसलेला माणूस दोन दिवस वाट पाहून "माल खराब आहे" म्हणतो. मे महिन्याच्या दुपारी हार्डनर नेहमीच्या मापाने घातला तर रेझिन डब्यातच जमतं, म्हणून हे काम सकाळी उरकायचं. पावसाळ्यात तर हातच लावायचा नाही.

त्यानंतर घासणं. सुरुवात सगळ्यांत बारीक पर्यायाने करायची. आधी नुसतं कंपाउंड लावून फूटभर जागेवर पाहायचं. तेवढ्यावर चमक आली तर वॉटर पेपर घ्यायचाच नाही. नाही आली तर दीड हजार नंबरचा पेपर, तोही कमी पडला तर हजारचा, आणि अगदीच भाजलेल्या अंगाला आठशेचा. आठशेने सुरू केलं तर पुढे हजार, दीड हजार, दोन हजार असं चढत जावं लागतं, कारण प्रत्येक पेपर आधीच्या पेपरचे ओरखडे पुसत असतो. मधली पायरी गाळली की तिरप्या उन्हात ओरखडे उठून दिसतात. पेपर कायम ओला, लाकडी किंवा रबरी गुटक्यावर गुंडाळलेला. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रुंदीचे चर पडतात. सुरुवातीला पाण्याबरोबर दुधासारखा पांढरा राडा येतो. तो येईनासा होऊन होडीच्या मूळ रंगाचा राडा येऊ लागला, की मेलेला थर संपला. तिथे थांबायचं. कडा, कोपरे आणि नाळेची धार इथे जेलकोट सगळ्यांत पातळ असतो, तिथे मशीन नको, हातच बरा. ओलं काम हाताने आणि मशीन कोरड्यात, हे विजेच्या धक्क्यापासून वाचण्यासाठीही पाळायचं. तोंडाला मास्क हवाच. रेझिनची आणि काचेची धूळ फुप्फुसाला चांगली नाही.

कंपाउंडनंतर पॉलिश आणि शेवटी मेण. या मेणाला लोक शोभा समजतात. खरं तर सगळ्या कामाचं रक्षण तेच करतं. घासलेला पृष्ठभाग उघडा ठेवला तर आपल्या उन्हात तो पुन्हा भुकटी धरणार. मेणाचा थर पाणी आणि मळ धरू देत नाही, पण तो कायमचा नाही. काही महिन्यांत उडतो. म्हणून पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा मेण द्यायचं, आणि भांड्यांच्या साबणाने होडी धुवायची सवय सोडायची, तो साबण मेण उतरवतो. पाय ठेवायच्या जागेला आणि बसायच्या फळीला मात्र मेण लावू नका, माणूस घसरतो.

इथे घासण्याच्या भक्तांनाही एक गोष्ट ऐकवायला हवी. जेलकोट मोजका असतो. दरवर्षी हजारच्या पेपरने घासत बसलात तर तुम्ही ऑइलपेंटवाल्यांच्याच मार्गाने जाल, फक्त उशिरा पोचाल. मोठी घासणी काही वर्षांतून एकदाच. मधल्या वर्षांत धुणं, मेण आणि सावली. ताडपत्री घालायची तर अंगाला चिकटवून नाही, हवा खेळेल अशी उंचावर. दमट ताडपत्रीखाली फोड धरतात.

आणि काही होड्यांचा जेलकोट खरोखर संपलेला असतो, हे मी नाकारत नाही. घासताना मॅटची वीण दिसू लागली, हिरवट-तपकिरी रेझिन उघडं पडलं, सगळ्या अंगावर चिरांचं जाळं आहे, तर घासणी थांबवा. अशा होडीला आवरण हवंच. पण तेही ऑइलपेंट नव्हे. अंग साफ, कोरडं आणि मेणमुक्त करून इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर दोन भागांचं पॉलियुरेथेन, पाण्याखालच्या भागाला इपॉक्सीचे पुरेसे थर. हे काम महाग आहे. त्यातल्या आयसोसायनेटमुळे ते श्वासाला घातकही आहे, विशेषतः फवारणी करताना, म्हणून ते जाणकाराकडूनच करून घ्यावं. ज्याला स्वस्तात रंगवायचंय त्याचा या कामाशी काही संबंध नाही. ही वेळ येऊ नये म्हणूनच आधीची सगळी खटपट.

राहिला भंगाराचा सल्ला. लोखंडी लाँच भंगारात गेली तर वितळून पुन्हा लोखंड होते. लाकडी होडी शेवटी सरपण होते. फायबरचं यातलं काहीच होत नाही. पॉलिएस्टर रेझिन एकदा घट्ट झालं की ते पुन्हा वितळत नाही. जाळलं तर काळा, घशाला लागणारा धूर आणि मागे काचेची राख. भंगारवाला इंजिन, नळ्या आणि बोल्ट घेतो, अंग तिथेच टाकून जातो. ते अंग काठावर पडून उन्हाने झिजतं, त्याची भुकटी आणि तंतू पावसाबरोबर जलाशयात जातात. पानशेत आणि वरसगावचं पाणी खडकवासल्यातून पुणे पितं. वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका हे त्या शहराच्या पाण्याचं उगमस्थान आहे. भाटघरच्या काठावरची गावंही त्याच जलाशयाच्या आधाराने राहतात. चालती होडी भंगारात काढा म्हणणाऱ्याने ती टाकायची कुठे, याचं उत्तर आधी द्यावं.

"जुनं फायबर म्हणजे भरवसा नाही" हेही तपासून घ्या. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या बोटयार्डात बांधलेली 'म्हादेई' ही लाकडाच्या गाभ्यावर फायबरग्लास चढवलेली शिडाची नौका. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कुठेही न थांबता दुसरी केली. दक्षिण महासागराच्या लाटा दोनदा झेलून ती परत आली, कारण दोन सफरींच्या मध्ये तिच्या अंगाची काळजी घेणारे हात होते. आपल्या जलाशयावरच्या होडीला याच्या शतांशही मार बसत नाही. तिला फक्त ऊन लागतं, आणि दुर्लक्ष.

एकेकाळी भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत जलाशयापलीकडच्या कित्येक वाड्यांना होडी आणि लाँच हाच बाजाराचा, दवाखान्याचा आणि शाळेचा रस्ता होता. रस्ते झाले तरी काही कुटुंबांची मिळकत अजून होडीवर आहे, मासेमारीची असो वा पर्यटकांची. त्यांना नवी होडी घ्या म्हणणं सोपं आहे. जेलकोटची डागडुजी शिकवणं अवघड, पण तेच उपयोगाचं. भोर आणि वेल्ह्यातल्या पोरांना गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग येतं, वॉटर पेपर आणि रबिंग त्यांच्या हातातलं काम आहे. त्यांना नवं शिकायचंय ते एवढंच, की होडीवरचा थर जाड असतो, वरचा मेलेला भाग काढून थांबायचं असतं आणि ग्राइंडर बाजूला ठेवायचा असतो.

काठावरच्या सगळ्या होडीमालकांना, पाण्यावरचे खेळ चालवणाऱ्या संस्थांना आणि ज्यांच्या दप्तरी एखादी होडी आहे त्या ग्रामपंचायतींना माझं सांगणं आहे. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात 'रंगकाम' एवढंच लिहून मोकळे होऊ नका. आधी काळं ओलं फडकं होडीवर फिरवा. त्याला पांढरं लागलं, तर फूटभर जागा कंपाउंडने घासून पाहा, आणि ती चमकली तर 'घासणी, चिरांची दुरुस्ती आणि मेण' असं काम लावा. धुतलेल्या पाण्याचा राडा जलाशयात जाऊ देऊ नका, खड्ड्यात आटवा. घासताना ज्या चिरा दिसतील त्यांची नोंद ठेवा आणि इंजिनाच्या फळीला चीर असेल, तर ती भरून होईपर्यंत त्या होडीत माणूस बसवू नका.